गाणी प्लेअरवर जातच नाहीत! आयपॉड, वॉकमन आणि साध्या एमपीथ्री प्लेअरच्या सिंकबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न लोक सारखे पाठवतात, कोणी व्हॉट्सअपवर, कोणी सोसायटीच्या जिन्यात गाठून, म्हणून एकदाच सगळी उत्तरं इथे टाकतोय. विचारणारे साधारण ठरलेले आहेत. नाशिकहून पंचवटी एक्सप्रेसने मुंबईला जाणारे, ज्यांची कसारा घाटातल्या बोगद्यांत रेंज जाते आणि मोबाइलवरचं गाणं तिथेच गोल गोल फिरत बसतं. सकाळी कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर फोन घरी ठेवून चालणारे. आणि माळा साफ करताना ज्यांना खोक्यात जुना आयपॉड सापडलाय असे. तुमचा प्रश्न शोधा, आणि काहीच कळत नसेल तर १ आणि २ आधी वाचा. आणि हो, ३ वाचल्याशिवाय स्क्रीनवर आलेलं कुठलंही बटण दाबू नका.

१. प्लेअर कॉम्प्युटरला लावला की चार्जिंग होतंय पण कॉम्प्युटरला तो दिसतच नाही. प्लेअर गेला का?

बहुतेक वेळा प्लेअर ठणठणीत असतो, केबल फालतू असते. साध्या यूएसबी केबलमध्ये चार तारा असतात, दोन करंटच्या आणि दोन डेटाच्या, आणि पॉवर बँकबरोबर किंवा स्पीकरबरोबर येणाऱ्या स्वस्त केबलमध्ये डेटाच्या तारा टाकलेल्याच नसतात. म्हणजे चार्जिंग व्यवस्थित होणार आणि गाणं एकही जाणार नाही. तपासायची सोपी पद्धत, त्याच केबलने मोबाइल कॉम्प्युटरला लावा, फाइल ट्रान्सफरचा पर्याय आला तर केबल चांगली. दुकानात घेताना 'डेटा केबल द्या' असं तोंडाने सांगा, नुसती केबल मागितली की हाताला लागेल ती मिळते.

केबल ठीक असेल तर पोर्ट बदला. डेस्कटॉपच्या पुढच्या पोर्टपेक्षा मागचा, जो थेट मदरबोर्डवर असतो, तो भरवशाचा. मध्ये हब असेल तर काढा. जुन्या आयपॉडच्या खालच्या रुंद, तीस पिनांच्या खाचेत खिशातला कापूस दाबून बसलेला असतो, लाकडी टूथपिकने हळूच उकरून काढा, टाचणी घालू नका.

चाकवाल्या आयपॉडला रीसेट मारायचा तर आधी होल्डचं बटण एकदा चालू करून बंद करा, मग मेन्यू आणि मधलं बटण एकत्र सहा ते आठ सेकंद दाबून धरा, ॲपलचा लोगो आला की सोडा. लोगो येताक्षणी मधलं बटण आणि प्ले एकत्र धरलं तर तो डिस्क मोडमध्ये जातो, आणि या मोडमध्ये गप्प बसलेले बरेच आयपॉड परत दिसायला लागतात.

शफलचं, म्हणजे स्क्रीन नसलेल्या छोट्या आयपॉडचं, वेगळं आहे. तिसऱ्या-चौथ्या पिढीचा शफल हेडफोनच्याच भोकातून सिंक होतो, त्याला एका बाजूला हेडफोनची पिन आणि दुसऱ्या बाजूला यूएसबी अशी आखूड केबल लागते. घरातली ऑक्स केबल त्यात बसते पण त्याने काही होत नाही. आणि २००१-२००२ चे अगदी पहिले आयपॉड कोणाकडे असतील तर ते फायरवायर नावाच्या वेगळ्या पोर्टचे आहेत, यूएसबीची वाट बघू नका.

२. माझ्या मित्राचा प्लेअर पेनड्राइव्हसारखा उघडतो, माझा नाही. असं का?

कारण प्लेअर तीन जातीचे असतात आणि अर्धे प्रश्न आपला कुठल्या जातीचा आहे हे माहीत नसल्यामुळे येतात.

पहिली जात मास स्टोरेजवाली, म्हणजे सरळ पेनड्राइव्ह. फाइल ओढा, टाका, संपलं. एमजी रोडला मिळणारे साधे चायनीज प्लेअर सगळे यातले. दुसरी जात एमटीपीवाली (फाइली पाठवायची वेगळी पद्धत, मोबाइल वापरतो तीच), बरेच सोनी वॉकमन आणि अँड्रॉइडवर चालणारे प्लेअर. यांना ड्राइव्हचं अक्षर मिळत नाही, विंडोजमध्ये फोनसारखे दिसतात, आणि मॅक त्यांना स्वतःहून ओळखतच नाही, ओपन-एमटीपीसारखं एखादं ॲप टाकावं लागतं. तिसरी जात आयपॉड. आयपॉड ड्राइव्ह म्हणून उघडला तरी गाणी कुठली आहेत हे तो फोल्डर बघून ठरवत नाही, स्वतःच्या एका डेटाबेस फाइलमध्ये बघतो, आणि ती फाइल आयट्यून्स हे ॲपलचं सॉफ्टवेअर लिहितं.

सॅनडिस्कच्या क्लिप प्लस आणि क्लिप झिपसारख्या जुन्या प्लेअरमध्ये सेटिंगमध्ये यूएसबी मोड असतो, त्यात एमएससी (म्हणजेच मास स्टोरेज) आणि एमटीपी दोन्ही मिळतात. यात एक गंमत आहे: एका मोडमध्ये टाकलेली गाणी दुसऱ्या मोडमध्ये कॉम्प्युटरवर दिसत नाहीत, वाजतात मात्र सगळी. 'जागा भरलीय पण फोल्डर रिकामा' असं दिसलं की मोड बदलून बघा. मी सगळ्यांना एमएससीच ठेवायला सांगतो.

३. नवीन लॅपटॉपला आयपॉड लावला तर 'इरेज अँड सिंक' विचारतंय. दाबू का?

नाही! कॅन्सल दाबा आणि पुढचं वाचा.

आयट्यून्सच्या हिशेबात अस्सल गाणी कॉम्प्युटरच्या लायब्ररीत असतात आणि आयपॉड म्हणजे फक्त तिची नक्कल. सिंक म्हणजे नक्कल अस्सलसारखी करणे. आता तुमचा जुना कॉम्प्युटर भंगारात गेला, नवीन लॅपटॉपची लायब्ररी रिकामी आहे, मग इरेज अँड सिंक दाबलं की आयपॉडही तितकाच रिकामा होणार. सॉफ्टवेअरच्या दृष्टीने ते बरोबरच वागलं. आपल्या दृष्टीने वडिलांनी वर्षानुवर्षं कॅसेटवरून उतरवून घेतलेली नाट्यपदं गेली, आणि ती बाजारात पुन्हा मिळत नाहीत.

म्हणून आधी आयपॉडमधून गाणी बाहेर काढायची. क्लासिक, नॅनो, शफल या आयपॉडना हे लागू आहे, फोनसारख्या दिसणाऱ्या टचला नाही. आयपॉड लावताना विंडोजवर शिफ्ट आणि कंट्रोल (मॅकवर कमांड आणि ऑप्शन) दाबून धरा, म्हणजे आपोआप सिंक सुरू होत नाही. मग धिस पीसीमध्ये आयपॉडचा ड्राइव्ह उघडा, नसेल दिसत तर वर सांगितलेला डिस्क मोड. व्ह्यूमध्ये जाऊन हिडन आयटम्सवर टिक करा. आता 'आयपॉड कंट्रोल' नावाचा फोल्डर दिसेल, त्यात 'म्युझिक', त्यात एफ शून्य शून्य, एफ शून्य एक अशी फोल्डरांची रांग, आणि आत चार अक्षरी अगम्य नावांच्या फाइली. घाबरू नका, नाव बदललंय, गाणं तेच आहे आणि गायकाचं-अल्बमचं नाव फाइलच्या आत टॅगमध्ये शाबूत आहे. तो सगळा म्युझिक फोल्डर लॅपटॉपवर कॉपी करा, आणखी एक कॉपी बाहेरच्या हार्ड डिस्कवर ठेवा, मग आयट्यून्समध्ये ॲड फोल्डर टु लायब्ररी करा. नावं परत येतात. प्लेलिस्ट मात्र येत नाहीत, त्या डेटाबेसमध्ये असतात.

गाणी लॅपटॉपवर खरंच वाजतायत हे दहा-वीस ठिकाणी ऐकून बघा आणि मगच इरेज अँड सिंक. आणि पुढे हा ताप नको असेल तर समरीच्या पानावर 'मॅन्युअली मॅनेज म्युझिक'वर टिक करून ठेवा.

४. आयट्यून्स बंद झालं म्हणतात. मग आता आयपॉड भरायचा कशाने?

मॅकवर २०१९ च्या कॅटालिनापासून आयट्यून्स नाही, पण सिंकचं काम फाइंडरकडे गेलंय. आयपॉड लावा, फाइंडरच्या डाव्या पट्टीत नाव येईल, त्यावर क्लिक करा, तीच जुनी पानं दिसतात.

विंडोजवर आयट्यून्स अजून मिळतं. ॲपलने आता ॲपल म्युझिक आणि ॲपल डिव्हायसेस अशी वेगळी ॲप्स काढली आहेत, आणि ती टाकली की आयट्यून्सकडे पॉडकास्ट आणि ऑडिओबुक एवढंच उरतं. जुन्या क्लासिक-नॅनोवाल्यांना माझं म्हणणं, आयट्यून्सवर सुरळीत चालतंय तर नवीन ॲपला हात लावू नका. लिनक्सवाले ऱ्हिदमबॉक्स वापरू शकतात.

आयपॉड स्वतः मात्र संपलेत. क्लासिक २०१४ ला, नॅनो आणि शफल २०१७ ला, टच २०२२ ला बंद झाला. त्यामुळे 'नवीन पीस आहे' म्हणून कोणी विकत असेल तर बॅटरी किती जुनी ते आधी विचारा.

५. आयपॉडचा ड्राइव्ह उघडून गाणी ओढून टाकली, जागा भरली, पण आयपॉडमध्ये एकही दिसत नाही.

डेटाबेसमध्ये नोंद झाली नाही म्हणून, कारण प्रश्न २ मध्ये आहे. टाकलेली गाणी डिलीट करा, आयट्यून्समधून परत टाका. हे कायमचं नको असेल तर बऱ्याच जुन्या आयपॉडवर रॉकबॉक्स नावाचं मोफत फर्मवेअर (प्लेअरच्या आतलं मूळ सॉफ्टवेअर) चालतं, मग तो पेनड्राइव्हसारखा वागतो. पण ते हौशी लोकांचं काम आहे, वडिलांच्या आयपॉडवर प्रयोग करू नका.

६. काही गाणी जातात, काही जात नाहीत. नावापुढे उद्गारचिन्ह येतं.

उद्गारचिन्ह म्हणजे आयट्यून्सला नाव माहीत आहे पण फाइल जागेवर नाही. तुम्ही फोल्डर हलवला, नाव बदललं, नाहीतर गाणी ज्या बाहेरच्या हार्ड डिस्कवर आहेत ती आज लावलेली नाही. गाण्यावर डबल क्लिक करून लोकेट दाबा आणि फाइल दाखवा, बाकीचीही शोधू का असं ते विचारतं, हो म्हणा.

उद्गारचिन्ह नाही आणि तरी जात नसेल तर फॉरमॅट बघा (प्रश्न ८) किंवा गाणं स्ट्रीमिंगचं असेल (प्रश्न ७).

७. स्पॉटिफाय, यूट्यूब म्युझिक, ॲपल म्युझिकवर डाउनलोड केलेली गाणी प्लेअरवर कशी टाकू?

नाही टाकता येत. ते डाउनलोड त्या ॲपपुरतं कुलूपबंद असतं, फाइल हाताला लागली तरी दुसरीकडे वाजत नाही. ॲपल म्युझिकची वर्गणी भरली तरी त्यातली गाणी क्लासिक, नॅनो, शफलवर जात नाहीत, आयपॉडही त्यांचाच आणि सर्व्हिसही त्यांचीच असूनसुद्धा. आयट्यून्स स्टोअरवरून पैसे देऊन विकत घेतलेलं गाणं जातं, स्वतःच्या सीडीवरून उतरवलेलं जातं. अँड्रॉइडवर चालणारा वॉकमन असेल तर त्यातच स्पॉटिफायचं ॲप टाका आणि वायफायवर डाउनलोड करा, तिथे सिंकचा प्रश्नच नाही.

८. फ्लॅक फॉरमॅटमधली गाणी आयट्यून्स घेतच नाही.

घेणारच नाही, त्याला फ्लॅक येत नाही. फूबार २००० या सॉफ्टवेअरमधून ॲपल लॉसलेसमध्ये बदलून घ्या, क्वालिटी तसूभरही कमी होत नाही कारण दोन्ही लॉसलेसच आहेत, म्हणजे आवाजातलं काहीही न गाळणारे. वॉकमन फ्लॅक वाजवतो, स्वस्त प्लेअरचं खोक्यावर बघून घ्या.

९. गाण्यांची नावं चौकोन-चौकोन किंवा प्रश्नचिन्हं दिसतात. मराठी नावं येऊच शकत नाहीत का?

यात तीन वेगळे रोग आहेत आणि औषधही वेगळं.

चौकोन दिसतात म्हणजे नाव बरोबर पोचलंय पण प्लेअरमध्ये देवनागरी फॉन्ट नाही. याला उपाय नाही, नाव इंग्रजी लिपीत लिहा.

प्रश्नचिन्हं किंवा भलतीच युरोपियन अक्षरं दिसतात म्हणजे टॅग चुकीच्या पद्धतीने लिहिलाय. एमपीथ्रीच्या आत आयडीथ्री नावाची पट्टी असते. तिच्या जुन्या पहिल्या आवृत्तीत नावाला फक्त ३० अक्षरं मिळतात आणि देवनागरीला जागाच नाही. आवृत्ती २.४ बऱ्याच प्लेअरना वाचता येत नाही. सगळ्यांना चालणारी २.३, त्यात यूटीएफ-१६. एमपीथ्रीटॅग नावाचं मोफत सॉफ्टवेअर घ्या, ऑप्शन्समध्ये टॅग्ज, मग एमपेग, तिथे राइटखाली २.३ यूटीएफ-१६ निवडा, सगळी गाणी सिलेक्ट करून एकदा सेव्ह मारा. बस.

तिसरा रोग खास आपला. खूप जुन्या मराठी फाइलींची नावं युनिकोडच्या आधीच्या डीटीपी फॉन्टमध्ये टाइप केलेली असतात, तो फॉन्ट नसला की ती कुठल्याही मशीनवर कचराच दिसतात. ती परत टाइप करावी लागतात, नाहीतर फॉन्ट कन्व्हर्टरमधून काढा.

१०. अठरा अध्यायांचं पारायण टाकलंय, पण प्लेअर एकनंतर दहावा अध्याय लावतो.

हा प्रश्न दर वर्षी निवृत्तीनाथ महाराजांची पालखी त्र्यंबकेश्वरहून निघायच्या सुमाराला हमखास येतो, दिंडीत चालताना ऐकायला लोक छोटे प्लेअर भरून नेतात तेव्हा.

नावात १, २, ३ लिहिलं असेल तर यंत्र अक्षरांप्रमाणे लावतं, म्हणून १ नंतर १०, मग ११, असं १८ पर्यंत आणि त्यानंतर २. नावं ०१, ०२, ०३ अशी करा.

तेवढ्याने नाही सुधारलं तर तुमचा प्लेअर नाव बघतच नाही, फाइली ज्या क्रमाने कार्डावर लिहिल्या गेल्या त्याच क्रमाने वाजवतो. मग फोल्डर पूर्ण रिकामा करा आणि परत टाका, आणि टाकताना सगळ्या फाइली सिलेक्ट करून पहिल्या अध्यायाच्या फाइलला धरून ओढा, कारण विंडोज ज्या फाइलला माउसने पकडलंय तिथून कॉपी सुरू करतं. शेवटच्या फाइलला धरून ओढलं की अठरावा अध्याय सगळ्यात आधी! हे कंटाळवाणं वाटत असेल तर फॅटसॉर्ट नावाचं सॉफ्टवेअर कार्डावरच क्रम लावून देतं.

११. एकच अल्बम प्लेअरमध्ये दहा ठिकाणी फुटलेला दिसतो.

भावगीतांच्या संग्रहात प्रत्येक गाण्याला वेगळा गायक, त्यामुळे प्लेअर प्रत्येकाचा वेगळा अल्बम समजतो. एमपीथ्रीटॅगमध्ये सगळ्या गाण्यांना 'अल्बम आर्टिस्ट' एकच द्या, आयट्यून्समध्ये 'कंपायलेशन'वर टिक करा. आणि गायकांच्या नावाची एकच पद्धत ठरवा, 'भीमसेन जोशी', 'पं. भीमसेन जोशी' आणि 'पंडित भीमसेन जोशी' हे प्लेअरच्या लेखी तीन वेगळे गवई आहेत.

१२. ६४ जीबीचं कार्ड टाकलं तर प्लेअर 'कार्ड एरर' म्हणतो. ३२ चं चालायचं.

३२ जीबीच्या वरची कार्डं एक्सफॅट फॉरमॅटमध्ये येतात आणि साध्या प्लेअरना फक्त फॅट३२ कळतं. विंडोजच्या नेहमीच्या फॉरमॅटच्या खिडकीत ३२ च्या वर फॅट३२ चा पर्यायच मिळत नाही, म्हणून रुफससारखं सॉफ्टवेअर वापरा. फॅट३२ मध्ये एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी ठेवता येत नाही, गाण्यांना त्याने काही फरक पडत नाही.

फॉरमॅट करूनही पहिली काहीशे गाणी वाजतात आणि पुढची अर्धवट किंवा मुकी निघतात, असं असेल तर कार्ड बनावट आहे. आत ८ जीबी असून वर १२८ छापलेली कार्डं रस्त्यावर आणि ऑनलाइन दोन्हीकडे मिळतात. एचटूटेस्टडब्ल्यू नावाचं छोटं सॉफ्टवेअर अख्खं कार्ड भरून परत वाचतं आणि खरी जागा सांगतं. घेतल्या दिवशीच चालवा, तोवर दुकानदार बदलून देतो.

१३. सिंक तासन्‌तास चालतं किंवा अध्येमध्ये एकाच गाण्यावर अडकतं.

आधी आयट्यून्समध्ये 'कन्व्हर्ट हायर बिट रेट साँग्ज'वर टिक आहे का बघा. असेल तर आयट्यून्स एकेक गाणं १२८ केबीपीएसमध्ये नव्याने तयार करत बसलंय. टिक काढली की वेग येतो, जागा मात्र जास्त लागते: चार मिनिटांचं गाणं १२८ ला ४ एमबीच्या आतबाहेर, ३२० ला साडेनऊच्या पुढे.

एकाच गाण्यावर अडकत असेल तर ती फाइल खराब आहे. कुठली ते कळत नसेल तर अर्धीच गाणी सिंक करा, गेली तर दोषी उरलेल्या अर्ध्यात, परत त्याचे अर्धे, हजार गाणी असली तरी दहा-एक फेऱ्यांत सापडते.

सिंक चालू असताना लाइट गेली आणि डेस्कटॉप बंद पडला तर आयपॉड नंतर रिकामा दिसतो पण जागा 'अदर'ने भरलेली असते. गाणी आत आहेत, नोंद अर्धवट राहिली. लायब्ररी शाबूत असेल तर रीस्टोर करून (म्हणजे आयपॉड पूर्ण पुसून नव्यासारखा करून) परत सिंक करा, नसेल तर आधी प्रश्न ३ प्रमाणे गाणी बाहेर काढा. इन्व्हर्टर नसेल तर हे काम लॅपटॉपवरच करा.

क्लासिकमधून टकटक आवाज येत असेल तर त्याची आतली हार्ड डिस्क जायला आलीय. सिंकचा हट्ट सोडा आणि जी गाणी निघतील ती आजच काढून घ्या.

१४. मॅकवरून भरलं की प्रत्येक गाण्याबरोबर एक न वाजणारं गाणं येतं.

नाव टिंब आणि अंडरस्कोरने सुरू होतं ना? ती मॅकने ठेवलेली जादा माहितीची फाइल आहे, मॅकवर लपलेली असते, प्लेअरला दिसते. टर्मिनलमध्ये डॉट-क्लीन (dot_clean) कमांड कार्डावर चालवा किंवा विंडोजवर नेऊन डिलीट मारा.

१५. आयपॉड मॅकवर मस्त चालतो, विंडोजला लावला की फॉरमॅट करा म्हणतं.

तो मॅकच्या फॉरमॅटमध्ये आहे, विंडोजला तो वाचता येत नाही. उलटं चालतं, विंडोजवर फॉरमॅट केलेला आयपॉड मॅक वाचतो. दोन्ही घरात असतील तर मॅकवर गाण्यांची कॉपी ठेवून विंडोजवर एकदा रीस्टोर करा. विंडोज विचारतंय म्हणून त्याच्या खिडकीतलं फॉरमॅट मात्र दाबू नका.

१६. केबल, पोर्ट, मोड सगळं तपासलं, वॉकमन मित्राच्या लॅपटॉपवर दिसतो, माझ्यावर नाही.

सेटिंग्ज, सिस्टिम, अबाउट मध्ये विंडोजच्या नावापुढे 'एन' आहे का बघा. एन आवृत्तीत मीडियाचे भाग काढलेले असतात आणि त्याबरोबर एमटीपीही जातं. ऑप्शनल फीचर्समधून मीडिया फीचर पॅक टाका, रीस्टार्ट करा, दिसेल. ऑफिसच्या लॅपटॉपवर दिसत नसेल तर बहुतेक कंपनीच्या आयटीवाल्यांनीच यूएसबी बंद ठेवलंय. अंबड-सातपूरच्या कंपन्यांतल्या लोकांकडून हे बऱ्याचदा येतं. तिथे काही करता येत नाही, घरचा कॉम्प्युटर वापरा.

१७. आईच्या सारेगामा कारवांमधली गाणी बदलायची आहेत. कॉम्प्युटरला कसा सिंक करू?

आतली गाणी बदलता येत नाहीत, ती कंपनीने भरून दिलेली असतात. आपली गाणी पेनड्राइव्हवर टाकून मागे लावायची. पेनड्राइव्ह फॅट३२ ठेवा आणि गाणी एमपीथ्रीच. क्रम बिघडला तर प्रश्न १०.

१८. आयपॉडची मागची बाजू फुगल्यासारखी वाटते, पण चालतोय. सिंक करून घेऊ का?

नका करू. ती बॅटरी फुगलीय. सिंक करताना केबलमधून चार्जिंगही होतं आणि फुगलेल्या लिथियम बॅटरीला चार्ज करणं म्हणजे आगीशी खेळ. प्लेअर बंद करा, उन्हात किंवा गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, दाबून सपाट करायला जाऊ नका, आणि मोबाइल रिपेअरवाल्याकडून बॅटरी काढून घ्या. बॅटरी बदलून मिळाली की क्लासिकमधली गाणी बहुतेक जशीच्या तशी असतात. दुकानदार 'आधी रीस्टोर मारून बघतो' म्हणाला तर नाही म्हणा आणि फक्त बॅटरी बदलायला सांगा.